नानांच्या गुडघ्यातलं पाणी

बुधवारी दुपारी अडीचच्या सुमारास भावाने व्हॉट्सअॅपवर एका रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, पाण्यात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणतात वातच आहे." नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गुडघा सुजलाय हेच मला तोवर माहीत नव्हतं. गुरुवारी रात्री थंडी वाजून ताप आला होता, म्हणजे सहा दिवस होत आले होते. नोव्हेंबरचे दिवस, निफाड तालुक्यात द्राक्षबागा फुलोऱ्यात, त्यात अवकाळी पाऊस होऊन डावणी या बुरशीच्या रोगाची भीती. सगळं घर फवारणीच्या मागे होतं. ताईला कशाला घोर लावायचा, म्हणून कुणी कळवलं नाही.

मी नाशिकच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मायक्रोबायोलॉजीत, १९ वर्षं. सांध्यातलं पाणी आमच्या टेबलावर महिन्यातून दोन-चारदा येतं. त्यामुळे फोटो उघडल्यावर माझी नजर शेवटच्या ओळीवर गेली नाही. शेवटची ओळ होती, 'कल्चर: जंतूंची वाढ नाही'. कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघणं. भावाने ती वाचली, डॉक्टरांनीही बहुधा तीच वाचली. तिच्या वर दोन ओळी होत्या. 'पेशींची मोजणी: नमुन्यात गुठळ्या झाल्याने शक्य नाही.' आणि 'ग्रॅम स्टेन: पू-पेशी भरपूर, जंतू दिसले नाहीत.' ग्रॅम स्टेन म्हणजे नमुना काचेवर रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं.

पू-पेशी भरपूर. हे वाचून माझ्या हाताला घाम सुटला.

लगेच फोन लावला. भावाला वाटलं मी ओरडणार, पण मला ओरडायला वेळ नव्हता. पाणी कधी काढलं? रविवारी संध्याकाळी, तालुक्याच्या दवाखान्यात. त्याआधी अँटिबायोटिक दिलं होतं का? हो, गावातल्या डॉक्टरांनी शुक्रवारपासून सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं दिली, म्हणजे पाणी काढेपर्यंत पाच झाली होती. पाणी कशात घेतलं? एका साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत. सगळं एकाच? हो. मग ते लॅबला कधी गेलं? सोमवारी सकाळी, रात्रभर फ्रिजमध्ये होतं. साखर किती? आठवत नाही, पण दोनशेच्या वरच असेल. पायाला कुठे जखम? "हां, नडगीवर मांडवाची तार लागली होती पंधरा दिवसांपूर्वी. पिकली होती, पण आता खपली धरलीय."

आता मला चित्र दिसू लागलं. नानांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे. नडगीवरची पिकलेली जखम, तिच्यातून रक्तात गेलेले जंतू, आणि रक्तातून गुडघा. सांध्याच्या आतलं अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं आणि रक्तातला जंतू तिथे सहज उतरतो. एकदा उतरला की त्याच्याशी लढायला आलेल्या पू-पेशींतली पाचक रसायनंच कूर्चा खायला लागतात. तिथे हिशोब दिवसांचा असतो आणि गेलेली कूर्चा पुन्हा येत नाही.

मग कल्चर कोरं का आलं? पाच इंजेक्शनं पोटात घेऊन बसलेला जंतू प्लेटवर उगवेलच असं नाही. गुडघ्यात तो जिवंत असतो, पण दबलेला. लॅब त्याला खायला घालते, ऊब देते, तरी तो मान वर काढत नाही. 'वाढ नाही' याचा अर्थ 'आम्हाला वाढवता आला नाही' एवढाच असतो. हा फरक माझ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा फरक आहे, आणि रिपोर्टच्या कागदावर तो कुठेच लिहिलेला नसतो.

मी ज्यांना ओळखते त्या हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. रिपोर्ट पाठवला, इंजेक्शनांचा हिशोब सांगितला. ते म्हणाले, "आत्ता आणा. संध्याकाळचा डोस तिथे देऊ नका. आल्या आल्या आधी सुई, मग औषध." भावाला सांगितलं, नानांना चालवू नको, उचलून गाडीत घाल.

साडेसहाला ते आले. नाना मागच्या सीटवर आडवे, उजवा पाय उशीवर, गुडघा थोडा वाकवून धरलेला. सांधा पाण्याने तटतटला की माणूस आपोआप असा वाकवून धरतो, कारण त्या कोनात आत सगळ्यात जास्त जागा होते. मी हे पुस्तकात वाचलेलं. नानांना तसं पडलेलं बघून मात्र गाडीचा दरवाजा धरून उभी राहिले. ७१ वर्षांचा माणूस, आदल्या आठवड्यापर्यंत ब्लोअरच्या मागे चालणारा, आणि चादरीचा काठ गुडघ्याला लागला तरी दात आवळत होता. मला म्हणाले, "पोरी, बाकी काय करायचं ते कर, गुडघा तेवढा हलवू नको."

रक्त आधी घेतलं, दोन वेगवेगळ्या हातांतून, ब्लड कल्चरसाठी. मग गुडघा. डॉक्टरांनी आधी बोटांनी चाचपून कातडी पाहिली. वरची कातडीच पिकलेली असेल तर तिच्यातून सुई घालायची नसते, नाहीतर बाहेरचे जंतू आपणच आत ढकलतो. नानांच्या वाटीच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या कोपऱ्यापाशी, कातडी तापलेली होती पण पिकलेली नव्हती. तिथे खूण केली. बीटाडिन लावलं आणि थांबले. ही दोन मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. नाना कण्हत होते, आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी, आणि डॉक्टर हात वर धरून बीटाडिन वाळायची वाट बघत होते. ते वाळल्याशिवाय काम करत नाही. घाईने टोचलं तर कातडीवरचे जंतू पाण्यात येतात आणि मग चार दिवस सगळे त्या पाहुण्यांनाच गुन्हेगार समजून बसतात. भूल फक्त कातडीत दिली. भुलेचं औषध सांध्यात मिसळलं तर तेही जंतूंची वाढ रोखतं.

अठरा नंबरची सुई, २० मिलीची सिरिंज. सुई आत गेली आणि दट्ट्या ओढायच्या आधीच पाणी आपोआप चढायला लागलं, इतका आत दाब होता. दोन सिरिंज भरून मिळून ३५ मिली निघालं. नानांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हलकं वाटलं गं." एवढं पाणी निघण्यानेच निम्मी कळ गेली होती.

मी मात्र सिरिंजकडे बघत होते. निरोगी गुडघ्यात पाणी असतं ते जेमतेम चमचाभर. फिकट पिवळं, इतकं स्वच्छ की सिरिंजच्या मागे धरलेला कागद वाचता यावा, आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट. सुईच्या टोकावरून थेंब सोडला तर तो तुटत नाही, चार-पाच सेंटीमीटरची तार धरतो. आम्ही लॅबमध्ये अशीच तार बघतो. नानांचं पाणी राखट पिवळं, ताकासारखं गढूळ. डॉक्टरांनी एक थेंब सोडला. तो टप्पकन पडला, नुसत्या पाण्यासारखा. सांध्याला वंगण देणारं जे द्रव्य असतं ते पू-पेशींनी तोडून टाकलं होतं.

बाटल्या मी लॅबमधूनच घेऊन आले होते. कुठल्याही दवाखान्यात त्या मागितल्या तर मिळतात, पण कुणीतरी मागाव्या लागतात. जांभळ्या झाकणाची ईडीटीएची ट्यूब पेशी मोजण्यासाठी. तिच्यातल्या औषधाने पाण्यात गुठळ्या होत नाहीत. तालुक्याला हीच नव्हती, म्हणून तिथे मोजणी झाली नाही. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची ट्यूब स्फटिकांसाठी, म्हणजे युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा वात, गाउट, आहे का ते बघायला. निर्जंतुक बाटली ग्रॅम स्टेन, प्लेटवरचं कल्चर आणि टीबीच्या तपासण्यांसाठी. आणि चौथी, ब्लड कल्चरची बाटली. तिचं नाव रक्ताचं असलं तरी तिच्यात सांध्याचं पाणीही घालता येतं आणि घालावं. आमच्याकडच्या बाटल्यांत बारीक मणी असतात, ते नमुन्यातलं अँटिबायोटिक शोषून घेतात. ज्याला आधीच पाच-दहा डोस झालेत, अशा रुग्णासाठी ही बाटली म्हणजे उरलेली सगळ्यात चांगली संधी. रबरी बूच स्पिरिटने पुसून, वाळवून, डॉक्टरांनी ८ मिली आत सोडलं. मग लगेच नानांना सलाइनमधून औषधं सुरू झाली, व्हँकोमायसिन आणि सेफ्ट्रिअॅक्सोन. आता थांबायचं कारण नव्हतं.

ट्यूबवर नाव, वेळ, 'उजवा गुडघा' लिहिलं. फॉर्मवर एक ओळ मी ठळक लिहिली, कुठून कुठपर्यंत कुठलं इंजेक्शन किती वेळा झालं. १९ वर्षांत असे शेकडो फॉर्म माझ्या हाताखालून गेले. 'आधीची औषधे' हा रकाना बहुतेक वेळा रिकामाच असायचा आणि मीही तो रिकामाच सोडून पुढे जायचे, त्या रात्रीपर्यंत.

भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून, बाटल्या ओढणीत गुंडाळून पोटाशी धरल्या. बर्फ नाही, फ्रिज नाही. कल्चरचा नमुना थंड करायचा नसतो, काही नाजूक जंतू थंडीने मरतात. पेशींना वेळ मारतो. तास-दोन तास गेले की त्या फुटायला लागतात आणि मोजणी खोटी कमी येते. आम्ही १२ मिनिटांत लॅबला पोचलो.

आमच्या मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडम घरी निघाल्या होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "तू मदत कर, पण बघायचं मी. तुझे डोळे आज तुझे नाहीत." बरोबर होतं. मी पाणी पातळ करायला घेतलं आणि सवयीने हात पांढऱ्या पेशींच्या नेहमीच्या द्रावणाकडे गेला. रक्तासाठी तेच वापरतो. पण त्यात अॅसेटिक अॅसिड असतं आणि सांध्याच्या पाण्यात ते पडलं की दुधात लिंबू पिळावं तसं पाणी फाटतं, पेशी गुठळीत अडकतात. तिथे साधं सलाइन घ्यायचं, त्यात थोडी मेथिलीन ब्लू. नवीन मुलांना हे मी स्वतः शिकवते. मॅडमनी काही न बोलता सलाइनची बाटली पुढे सरकवली.

पहिल्यांदा वीसपट पातळ केलं. न्यूबावर चेंबर, म्हणजे पेशी मोजायची चौकोन आखलेली काच, मायक्रोस्कोपखाली ठेवला तर पेशींवर पेशी, मोजायला जागाच नाही. मग शंभरपट केलं. चार कोपऱ्यांच्या चार मोठ्या चौकोनांत मिळून २८८ पेशी. गुणिले २५०. म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये ७२,०००. निरोगी सांध्यात हा आकडा २०० च्या आत असतो. झिजेच्या गुडघ्यात २,००० पर्यंत. आमवातात, गाउटमध्ये हजारांत जातो. ५०,००० ओलांडले की जंतूसंसर्गाचा दाट संशय घ्यायचा, असा साधारण प्रघात. पण ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. गाउटचा जोरदार झटका ५०,००० ओलांडू शकतो, आणि खराखुरा संसर्ग सुरुवातीला २०,००० वरही सापडतो. स्लाइड रंगवून शंभर पेशी मोजल्या तेव्हा ९३ पॉलिमॉर्फ निघाल्या, म्हणजे पू करणाऱ्या पेशी. काटा एका बाजूला झुकला होता. तरी पुरावा अजून यायचा होता.

उरलेलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खालच्या साक्याचा स्मिअर, म्हणजे काचेवर पातळ थर, केला. ग्रॅम स्टेन ही १८८४ ची पद्धत, हान्स ख्रिस्तियान ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी बर्लिनमध्ये शोधलेली. जांभळा रंग मिनिटभर, आयोडीन मिनिटभर, मग अॅसिटोनचे काही थेंब, मग लाल रंग. यातला अॅसिटोनचा टप्पा सेकंदांचा. जरा जास्त धुतलं तर जांभळे जंतू लाल दिसतात, जरा कमी धुतलं तर सगळंच जांभळं. मी किती हजार स्लाइडी धुतल्या असतील, पण त्या रात्री मोठ्याने आकडे मोजत धुतलं.

मॅडम तेल लावून शंभरच्या भिंगाखाली बसल्या. पहिलं फील्ड, दुसरं, पाचवं. "पू-पेशी," त्या म्हणत राहिल्या, "पू-पेशीच." दहावं, पंधरावं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सांधा खरोखर पिकलेला असतानाही ग्रॅम स्टेनमध्ये जंतू दिसतात ते साधारण निम्म्या रुग्णांत. आणि इथे तर औषधं आधीच झालेली. सत्ताविसाव्या फील्डला मॅडम थांबल्या. बारीक स्क्रू पुढे-मागे केला. मग खुर्चीवरून उठल्या आणि मला बसायला सांगितलं.

लालसर पू-पेशी, तिचं तीन पाकळ्यांचं केंद्र, आणि तिच्या पोटात गर्द जांभळे गोल ठिपके. सुटे नव्हेत. सहा-सात एकमेकांना चिकटून, घडासारखे. स्टॅफिलोकॉकस हे नावच द्राक्षाच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. स्कॉटलंडच्या अॅबर्डीनमधले सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८२ मध्ये ते ठेवलं, गळवांतला पू तपासता तपासता. मी पंचवीस एकरांच्या द्राक्षाच्या शिवारात वाढले. हे नाव शिकले तेव्हा वर्गात मला त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं.

पुढच्या दहा-बारा फील्डमध्ये असे आणखी दोन घड मिळाले. ९ वाजून ४० मिनिटांनी मॅडमनी त्या हाडांच्या सर्जनना फोन केला. "ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय, घडांत, पू-पेशींच्या आत. काउंट ७२,०००." पलीकडून एवढंच आलं, "ओटी लावतो."

आमच्या कामात हा फोन सगळ्यात मोलाचा. छापील रिपोर्ट सकाळी गेला असता. पण पू भरलेला गुडघा सकाळची वाट बघत नाही. अकराला नानांना ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, घेतलं. दुर्बिणीने, दोन छोट्या छिद्रांतून, ९ लिटर सलाइनने सांधा धुतला. अस्तराचे तुकडेही कल्चरला पाठवले. बाहेर बाकावर आई जपमाळ ओढत होती. तिने मला विचारलं, "नक्की दिसलं ना गं तुम्हाला? उगाच तर नाही ना कापत?" मी म्हटलं, आई, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या क्षणी मला माझ्या कामाचा जितका आधार वाटला तितका कधीच वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा पुन्हा फोन. "अगं, हिरव्या ट्यूबमध्ये सुया आहेत." हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ध्रुवीकरणाच्या भिंगाखाली त्यांना युरेटचे स्फटिक दिसले होते, दोन्ही टोकांना अणकुचीदार, पू-पेशींत घुसलेले, अक्षाला समांतर असताना पिवळे आणि आडवे फिरवले की निळे. ही गाउटची खूण. १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर या दोघा अमेरिकी डॉक्टरांनी याच तंत्राने गाउटच्या रुग्णांच्या सांध्यातले युरेट स्फटिक ओळखून दाखवले, तेव्हापासून ही तपासणी आहे.

म्हणजे गावातले डॉक्टर अगदीच चुकले नव्हते. नानांचं युरिक अॅसिड ७.८ होतं, त्यांना गाउट होता. चूक तिथे झाली जिथे एक कारण सापडल्यावर दुसरं शोधायचं थांबलं. गाउट आणि संसर्ग एकाच गुडघ्यात एकाच वेळी असू शकतात. आधीच दुखावलेल्या सांध्यात जंतू जास्त सहज ठाण मांडतो. स्फटिक दिसले म्हणून कल्चर रद्द करायचं नसतं. आमच्याकडेही कधीकधी फोन येतो, "स्फटिक दिसलेत ना, मग कल्चरचं बिल लावू नका." आता अशा फोनला मी काय उत्तर देते ते मलाच माहीत.

गुरुवारी दुपारी साडेतीनला मशीनमधल्या बाटलीचा दिवा लागला, म्हणजे आत काहीतरी वाढत होतं. बाटली लावल्याला १९ तास झाले होते. ब्लड अगार आणि चॉकलेट अगारच्या प्लेटा तेव्हा पूर्ण कोऱ्या होत्या. शुक्रवारी त्यातल्या एकीवर कशाबशा दोन वसाहती उगवल्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या. फक्त प्लेटांवर भरवसा ठेवला असता तर त्या दोन दाण्यांवर काय ते ठरवावं लागलं असतं. बाटलीतून दुसऱ्या प्लेटवर घेतलेल्या मात्र शुक्रवारी भरघोस होत्या, मलईसारख्या, किंचित सोनेरी. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर फसफसल्या. कोअॅग्युलेज ट्यूबमध्ये प्लाझ्मा घट्ट गोठला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस. प्रौढांच्या पिकलेल्या सांध्यात सगळ्यात जास्त सापडणारा हाच.

आता एकच प्रश्न होता, साध्या औषधांना जुमानणारा की न जुमानणारा. शनिवारी सकाळी मी पट्टी घेऊन बसले. प्लेटवर ठेवलेल्या सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवतीचं, जंतू न उगवलेलं मोकळं वर्तुळ २७ मिलीमीटर. २२ किंवा जास्त असेल तर तो मेथिसिलिनला, म्हणजे साध्या औषधांना, दाद देणारा. दोनदा मोजलं, मॅडमनी तिसऱ्यांदा मोजलं. त्याच दुपारी व्हँकोमायसिन थांबलं आणि सेफाझोलिन सुरू झालं. अशा जंतूवर ते जास्त चांगलं काम करतं आणि वयस्कर, मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडांवर व्हँकोमायसिनचा भारही राहत नाही. नाव न कळता औषध दिलं असतं तर नानांना सहा आठवडे अंदाजाचं औषध घ्यावं लागलं असतं. ब्लड कल्चर पाच दिवस ठेवलं, त्यात काही उगवलं नाही, हेही सुदैव.

दोन आठवडे शिरेतून, चार आठवडे गोळ्या. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, पहिल्या दिवशी २१२ होता, दहाव्या दिवशी ४० च्या खाली आला. गुडघा वाकवायला शिकताना नाना फिजिओथेरपीच्या मुलीला म्हणायचे, "बाई, हळू, नवीन डोळा आहे, मोडेल." छाटणीनंतर फुटलेल्या डोळ्याला जपतात तसं.

एक रिपोर्ट शेवटपर्यंत यायचा होता. सर्जननी पहिल्या रात्रीच टीबीसाठीही पाणी पाठवलं होतं. आपल्याकडे एकच गुडघा सुजला की हा संशय घ्यावाच लागतो. सीबीनॅट या टीबीच्या जलद तपासणीचा निकाल लगेच आला, नाही म्हणून. पण टीबीचं कल्चर सहा आठवडे ठेवतात. ४२ व्या दिवशी मी स्वतः ती ट्यूब मशीनमधून काढली आणि रिपोर्टवर 'वाढ नाही' असं टाइप केलं. तेच दोन शब्द. या वेळी मात्र नमुना योग्य बाटलीत होता, वेळेत पोचला होता, त्याआधी टीबीची एकही गोळी पोटात गेली नव्हती आणि सीबीनॅटही तेच सांगत होतं. या वेळी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

जानेवारीत घरी गेले तेव्हा नाना काठी घेऊन बागेच्या बांधापर्यंत येत होते. गुडघा पूर्ण वाकत नाही, मांडी घालता येत नाही. ते आता तसंच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पहिल्याच दिवशी सुई घातली असती तर काय झालं असतं, हे मी मनाला विचारते, नानांसमोर नाही.

नानांचा पहिला नमुना जिथे रात्रभर फ्रिजमध्ये होता, तालुक्याच्या त्या कलेक्शन सेंटरवर मी त्याच दिवशी गेले. भांडायला नाही. तिथे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा एकटा असतो, सकाळी सात ते रात्री अकरा. त्याला नानांचं नाव आठवत होतं. म्हणाला, "मॅडम, मला सांगितलंय की जे येईल ते फ्रिजमध्ये ठेवायचं. मी ठेवलं." त्याचा दोष नव्हताच. मी बरोबर चार ब्लड कल्चरच्या बाटल्या, थोड्या जांभळ्या आणि हिरव्या ट्यूब नेल्या होत्या. त्याला एकेक हातात देऊन सांगितलं कशात किती घ्यायचं, बूच कसं पुसायचं. जांभळी ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करून दाखवली. फॉर्मवरचा औषधांचा रकाना दाखवला. त्याने मोबाइलमध्ये सगळ्याचे फोटो काढले, एक कागद लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवला.

मग जरा घुटमळून म्हणाला, "पण ताई, रात्री अकराला आलं तर? गाडी सकाळीच येते."

"जांभळी ट्यूब फ्रिजमध्ये ठेव. बाकीच्या बाहेर टेबलावर," मी म्हटलं, "आणि माझा नंबर लिहून घे."